दुधातला दात

विमान खाली यायला लागलं आणि खिडकीतून समुद्रात जहाजं दिसली. मोजता येणार नाहीत इतकी. सगळी एकाच दिशेला तोंड करून, एकमेकांपासून सारखं अंतर राखून उभी. आमच्या नाशिकच्या रविवार कारंजावर रिक्षा कशा उभ्या असतात ते मला आठवलं आणि त्या जहाजांची दया आली. यांच्या आयुष्यात गंमत म्हणून काही नसणार.

सिंगापूरच्या विमानतळावर माझा धाकटा भाऊ शिरीष आला होता. तो गेली बारा-तेरा वर्षं इथल्या एका बँकेत आहे आणि दर फोनला 'ताई, ये ना' म्हणत असतो. मी खरंच आले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता आणि थोडी भीतीही.

"च्युइंगम नाही ना आणलंस? इथे चालत नाही," त्याचं पहिलं वाक्य.

मी दातांची डॉक्टर. तीस वर्षांहून जास्त काळ लोकांच्या दाढांतून काय काय उकरून काढलं आहे. च्युइंगमवर बंदी घालणारा देश बघून मला आधी आदर वाटला आणि मग इथल्या दातांच्या डॉक्टरांची काळजी वाटली.

टॅक्सीतून जुरोंग ईस्टला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं होती, आणि प्रत्येक झाड नुकतंच न्हाव्याकडून आल्यासारखं. त्या वर्षी देशाला पन्नास वर्षं होत होती, त्यामुळे खांबाखांबावर त्याची जाहिरात. चिनी नववर्षही तोंडावर आलेलं, म्हणून मधल्या जागेत लाल कंदील.

"पन्नाशीचा एवढा थाट?" मी म्हटलं. "माझ्या पन्नाशीला तू नुसता फोन केला होतास."

"व्हिडिओ कॉल केला होता," शिरीष म्हणाला.

शिरीष राहतो तो कॉन्डो (पोहण्याचा तलाव असलेली सोसायटी, तलावात कोणी उतरत नाही) एमआरटीच्या (इथल्या मेट्रोच्या) स्टेशनपासून जवळ आहे. त्याची दहा वर्षांची मुलगी इरा खाली न्यायला आली. आम्ही लिफ्टपाशी उभे राहिलो, ती तळघरातून वर आली, दार उघडलं आणि आत एक टी-शर्ट उभा होता. वर पाहिलं तर मान, आणखी वर पाहिलं तर दाढी, आणि त्याच्याही वर, जवळजवळ छताला टेकलेलं, एक ओशाळलेलं हसू. हातात केळ्यांचा फणा आणि अंड्यांचा ट्रे.

"आत्या, धिस इज गोन्सालो," इरा म्हणाली. "फ्रॉम स्पेन. प्रो बास्केटबॉल प्लेयर. बट धिस सीझन नॉट सो गुड लाह." ('लाह' म्हणजे आपलं 'बरं का'.)

त्या धिप्पाड पोराने मान डोलावली. "ती बरोबर सांगते आहे," तो इंग्रजीत म्हणाला.

सवयीप्रमाणे मी त्याचे दात पाहिले. पांढरेशुभ्र, घट्ट, कुठे कीड नाही. फक्त वरचे पुढचे दोन किंचित बाहेर. ओट्यावर पाय सोडून बसलेल्या माणसांसारखे, येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का आधी त्यांनाच लागणार.

"खेळताना माउथगार्ड घालतोस का?" मी विचारलं. सिंगापूरमध्ये परक्या माणसाशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"नाही. श्वास घेता येत नाही."

"मग एक दिवस दात जाईल."

शिरीषने कपाळाला हात लावला. लिफ्ट चौदाव्या मजल्यावर थांबली. गोन्सालो आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत होता. क्लबने तिथे तीन परदेशी खेळाडू ठेवले होते आणि बाकीचे दोघे, इराच्या माहितीनुसार, 'बेटर' होते.

पहिले दोन दिवस मी प्रवाशाने करायचं ते सगळं केलं. तोंडातून पाणी टाकणारा सिंह पाहिला. फुलबाग पाहिली. उंच इमारती खालून पाहिल्या, मग वर जाऊन त्याच वरून पाहिल्या. तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर मी एकटीच जवळच्या हॉकर सेंटरला (एका छपराखाली आणलेली खाऊगल्ली, फक्त इथली गल्ली धुतलेली असते) जेवायला निघाले.

जेवणाची वेळ होती, जवळजवळ सगळी टेबलं भरलेली. एका रिकाम्या टेबलावर कोणीतरी टिश्यूचं पाकीट विसरून गेलं होतं. मी बसले. दोन दिवसांच्या थंडगार एमआरटीने नाक वाहत होतं, म्हणून त्यातला एक कागद काढून नाक शिंकरलं. तेवढ्यात हातात ताटं घेतलेल्या चार ऑफिसातल्या मुली येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्या नाकाकडे.

"आंटी, वी चोप ऑलरेडी," शेवटी एक जण हळूच म्हणाली.

'चोप' म्हणजे जागा धरणं, आणि ती टिश्यूचं पाकीट ठेवून धरतात, हे मला मागून आलेल्या आवाजाने सांगितलं. गोन्सालो पलीकडच्या टेबलावर चिकन राइसच्या दोन थाळ्या घेऊन एकटाच बसला होता. त्याने पाय दुमडून माझ्यासाठी जागा केली. एवढे पाय दुमडणं हे काम होतं, आणि आजूबाजूच्या लोकांनी ते थांबून पाहिलं.

"पहिल्या आठवड्यात मीपण नाक पुसलं होतं," तो म्हणाला.

तो इंग्रजी तुटकं बोलायचा आणि मला 'डॉक्टोरा' म्हणायचा. इंग्रजीत अहोजाहो नसतं, पण त्याच्या बोलण्याला मी इथे 'तुम्ही' बहाल केलं आहे. त्याच्या आवाजात ते होतं.

त्याला इथले क्लबवाले 'इम्पोर्ट' म्हणत. बाहेरून आणलेल्या खेळाडूंसाठी हाच शब्द आहे म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडे हा शब्द फ्रीजसाठी वापरायचे. तो इतका हसला की भाताचा एक घास वाया गेला.

"फ्रीजला वॉरंटी असते, डॉक्टोरा."

त्या संध्याकाळी वहिनीने, म्हणजे मंजिरीने, त्याला जेवायला बोलावलं. थालीपिठं होती. पहिलं त्याने काट्याचमच्याने खाल्लं, दुसरं हाताने, आणि त्यानंतर मंजिरीला पुन्हा भाजणी भिजवावी लागली. शिरीषला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही. क्रिकेट सोडून जगात जे काही चेंडूने खेळतात ते त्याच्या मते वेळ जाण्यासाठी असतं. त्याने गोन्सालोचं आडनाव 'गोंधळे' ठरवून टाकलं. "गोंधळे, लोणचं घे." "गोंधळे, ताक." गोंधळे सगळं घेत होता.

शनिवारी आम्ही पुलाउ उबीनला गेलो. हे शेजारचं बेट. सिंगापूर चकचकीत होण्याआधी कसं होतं ते इथे थोडं शिल्लक ठेवलं आहे, कम्पोंगसकट (पत्र्याच्या छपरांची जुनी मलय वस्ती). गोन्सालोला सुट्टी होती. इराने त्याला विचारलं, तो आला. चांगीच्या धक्क्यावरून बमबोट (डिझेलचा धूर सोडणारी लाकडी होडी) सुटते ती बारा माणसं जमल्यावर. होडीवाल्या म्हाताऱ्याने आम्हाला मोजलं, गोन्सालोकडे पाहून जरा विचार केला आणि अकरा असतानाच इंजिन सुरू केलं.

बेटावर सायकली भाड्याने मिळतात. दुकानातल्या चिनी बाईने सर्वांत मोठी सायकल काढली, सीट शेवटपर्यंत वर ओढली आणि कमरेवर हात ठेवले.

"वा, सो टॉल आह! सीट अप ऑलरेडी. कॅनॉट अप सम मोर."

तो सायकलवर बसला की गुडघे हँडलच्या वर यायचे. तरीही तो सगळ्यांत पुढे होता. मी सगळ्यांत मागे. साठीच्या जवळ आलेल्या बाईने मातीच्या चढावर सायकल चालवू नये असं मला वाटत होतं आणि माझ्या मांड्यांनाही तसंच वाटत होतं.

दुपारी एका शेडमध्ये शहाळी घेऊन टेकलो. मंजिरी आणि शिरीष इराला घेऊन पाणथळीतला लाकडी पूल बघायला गेले. गोन्सालोने केळी बाहेर काढली, आणि झाडीतून एक रानडुक्कर आलं. अगदी शांतपणे, भाजीला निघाल्यासारखं. मी जागेवरच थिजले. गोन्सालो एका उडीत बाकावर उभा राहिला आणि त्याचं डोकं शेडच्या तुळईला लागलं. डुकराने पिशवी उचलली आणि आल्या वाटेने गेलं.

"व्यावसायिक खेळाडू," मी म्हटलं.

"उडी चांगली होती," तो डोकं चोळत म्हणाला.

तिथे बसून त्याने आपली हकिकत सांगितली. फार रंगवून नाही. शहाळ्यातलं खोबरं खरवडत, मध्ये मध्ये झाडीकडे बघत.

त्याचं गाव स्पेनच्या आतल्या डोंगराळ भागात आहे, झाडं कमी आणि वारा फार. वडील ट्रॅक्टर दुरुस्त करतात, आईची पावाची भट्टी. चौदाव्या वर्षी एका उन्हाळ्यात तो इतका वाढला की आईने पँट शिवायचं सोडून दिलं. मग शहरातल्या एका मोठ्या क्लबची माणसं आली. त्यांनी त्याचे तळहात पाहिले, पाय पाहिले, वडिलांना उभं करून त्यांची उंची पाहिली.

"आमच्याकडे बैल घेताना असंच करतात," मी म्हटलं.

"दातपण बघतात?"

"दात तर आधी."

क्लबने त्याला शहरात नेलं, वसतिगृहात ठेवलं. शाळाही त्यांचीच. अठराच्या आतल्या राष्ट्रीय संघात तो होता, गळ्यात पदक घालून गावी गेला तेव्हा आईने भट्टीवर फुकट पाव वाटले. एकोणिसाव्या वर्षी मोठ्या संघात घेतलं आणि बाकावर बसवलं. सगळा हंगाम त्याने उत्तम जागेवरून, तिकीट न काढता, इतरांचा खेळ पाहिला. पुढच्या वर्षी एका छोट्या क्लबला उसना दिला. तिथे गुडघा गेला. गुडघा बरा झाला तोवर आणखी छोटा क्लब, आणि तो हंगामाच्या मध्यातच बंद पडला. मग एजंटचा फोन आला, सिंगापूरला जाशील का? तो हो म्हणाला आणि त्यानंतर नकाशात सिंगापूर शोधलं.

"आणि आता?"

"आता क्लबला माझ्यापेक्षा उंच माणूस हवा आहे."

मी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुझ्यापेक्षा उंच माणूस ठेवणार कुठे?"

तो हसला नाही. "उद्याच्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी मॅच आहे. त्यात चांगलं खेळलो तर राहीन बहुतेक. स्टँडमध्ये नेहमी कोणीतरी बसलेलं असतं, डॉक्टोरा. एक तर मला घेणारं, नाहीतर सोडणारं. चेंडू हातात आला की मला ते दिसतात. बास्केट नंतर दिसते." तो तेवीस वर्षांचा होता. एवढं बोलून त्याने मला विचारलं, "तुम्ही काम कधी थांबवणार?"

"थांबवलं. दिवाळीत. दवाखाना माझ्या ज्युनियरला देऊन टाकला."

"कसं वाटतं?"

हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. सगळ्यांनी 'आता मजा आहे तुमची' एवढंच सांगितलं होतं. मी म्हटलं, "वाईट. टीव्हीवर बातम्या लागल्या की मला बातमी ऐकू येत नाही. निवेदिकेची तुटलेली दाढ दिसते." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच्या शहाळ्यातली मऊ मलई काढून मला दिली.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे स्टेडियमवर गेलो. मॅच दुपारची. समोर फिलिपिन्सचा संघ होता आणि अर्धं स्टेडियम त्यांच्याच लोकांनी भरलेलं. इथे घरकामाला आलेल्या फिलिपिनो मुलींना रविवारी सुट्टी असते, त्या ढोल घेऊन आल्या होत्या. बास्केटबॉलबद्दल माझं मत सांगते. एवढाल्या माणसांना एवढंसं मैदान दिलं आहे, आणि एक शिट्टीवाला त्यांना दर मिनिटाला थांबवून काहीतरी सांगतो. जमिनीवर बूट असे करकरतात की मला माझं जुनं ड्रिल मशीन आठवलं.

शिरीषने पहिल्या क्वार्टरमध्ये (खेळाचे असे चार भाग असतात) फोन पाहिला. दुसऱ्यात फोन खिशात ठेवला. तिसऱ्यात तो उभा राहून "गोंधळे, टाक ना!" असं ओरडत होता.

गोंधळे टाकत नव्हता. मधूनमधून कोच त्याला आत पाठवायचा, आणि तो कोणीतरी मागून धरल्यासारखा खेळायचा. चेंडू आला की घाईने दुसऱ्याकडे द्यायचा. मग तिसरा क्वार्टर संपता संपता बास्केटखाली सगळे एकदम उडाले, कुणाचं तरी कोपर आलं, आणि गोन्सालो तोंड धरून खाली बसला.

इतर लोकांनी रक्त पाहिलं. मी पाहिलं की काहीतरी छोटं, पांढरं, जमिनीवरून घसरत कडेच्या खुर्च्यांखाली गेलं.

मी कशी उतरले ते मला आठवत नाही. मंजिरी म्हणते, लोकांच्या मांड्यांवरून. कडेला सुरक्षारक्षकाने हात आडवा केला. "आंटी, कॅनॉट! कॅनॉट!"

"आय ॲम अ डेंटिस्ट!" मी ओरडले. दिवाळीनंतर हे वाक्य मी पहिल्यांदाच म्हणत होते. त्याने हात काढला. मी पंजाबी ड्रेस आवरून गुडघ्यांवर बसले आणि खुर्च्यांखाली शिरले. एक माणूस फडकं घेऊन फरशी पुसायला येत होता, त्याला मी मराठीत असं काही बोलले की तो दोन पावलं मागे सरला. दात सापडला. अख्खा, मुळासकट, एक टवकाही न उडालेला. मी तो बाहेर दिसणाऱ्या बाजूने, नुसत्या बोटांच्या टोकांनी धरला. मुळाला हात लागला की त्यावरचं जिवंत आवरण मरतं आणि दात पुन्हा धरत नाही.

आता दूध हवं. निघालेला दात दुधात ठेवला तर तासभर टिकतो. इरा माझ्याबरोबर खाण्याच्या स्टॉलकडे पळाली.

"मिल्क! प्लेन मिल्क!"

स्टॉलवाल्या काकांनी मान हलवली. "फ्रेश मिल्क डोन्ट हॅव. तेह कॅन?" तेह म्हणजे गोड चहा. दाताला चहात ठेवायचं माझ्या मनात नव्हतं. शेजारच्या रांगेत एक मलय बाई बाळाला मांडीवर घेऊन दुधाच्या खोक्यात स्ट्रॉ घालत होती. मी तिच्यापुढे दात धरला. ती किंचाळली.

"प्लीज. फॉर द टूथ."

"टूथ ड्रिंक मिल्क, मेह?" तिने विचारलं, पण विचारता विचारताच खोकं माझ्या हातात दिलं. बाळाने भोकाड पसरलं ते मॅच संपेपर्यंत. इराने कुठून तरी कागदी कप आणला. दूध ओतलं, दात त्यात सोडला.

बाकावर गोन्सालो टॉवेल धरून बसला होता. संघाच्या माणसाकडून मी हातमोजे आणि गॉझ घेतलं, खड्डा दाबून धरला, जबडा चाचपला. बाकी काही मोडलं नव्हतं. कोच ऑस्ट्रेलियन होता, लालबुंद. तो म्हणाला, हॉस्पिटलला पाठवतो. मी म्हटलं, ताबडतोब.

गोन्सालोने माझं मनगट धरलं. गॉझमधून बोलला ते मला दोनदा ऐकावं लागलं. "दुधात किती वेळ राहतो?"

"तासभर. पण जितक्या लवकर बसवू तितकं चांगलं. प्रत्येक मिनिट मोलाचं आहे."

"एकच क्वार्टर राहिला आहे."

"मूर्खासारखं बोलू नकोस. अजून एक कोपर बसलं तर शेजारचाही जाईल."

"त्यालाही दुधात ठेवा."

माझ्या तीस वर्षांत मी इतका हट्टी पेशंट पाहिला नव्हता, आणि मी नाशिकचे पुढारी पाहिले आहेत. मी कोचकडे पाहिलं. कोच काहीतरी बोलणार होता, पण त्याने गोन्सालोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि नुसते खांदे उडवले. मला तेव्हा ते विचित्र वाटलं. रक्त थांबेपर्यंत मी दाबून धरलं, पंचाने तोंडात डोकावून पाहिलं, आणि तो आत गेला. मी खेळाडूंच्या बाकामागे कप घेऊन बसले. मला कोणी उठवलं नाही.

त्यानंतर जो खेळला तो वेगळाच माणूस होता. पुढचा दात नाही, हनुवटीवर वाळलेलं रक्त, आणि तोंडभर हसू. चेंडू पाठीमागून द्यायचा. समोरच्याला चकवून त्याच्याच खांद्यावर थोपटायचा. एकदा मैदानाच्या जवळजवळ मध्यावरून टाकला, तो आत गेला, आणि ढोलवाल्या फिलिपिनो मुलींनीही टाळ्या वाजवल्या. लगेच पुन्हा तिथूनच टाकला. तो बास्केटच्या आसपासही गेला नाही, आणि तरी हा हसतोय. मी दर अर्ध्या मिनिटाला कपात बघत होते.

शेवटची शिट्टी झाली.

"जिंकलो ना?" मी इराला विचारलं.

"लॉस्ट, आत्या. बाय वन बास्केट."

"मग हा का हसतोय?"

"डोन्ट नो लाह."

मॉलमधलं एक दातांचं क्लिनिक रविवारी संध्याकाळी उघडं होतं. टॅक्सीत गोन्सालो पुढे, आम्ही मागे, कप माझ्या मांडीवर. प्रत्येक वळणाला मी तो तीर्थासारखा सांभाळला. क्लिनिकमधली डॉक्टरीण माझ्या भाचीची मोठी बहीण शोभेल इतकी तरुण होती. तिने कपात पाहिलं.

"हू पुट इन मिल्क?"

"मी."

"वा, गुड! लोक टिश्यूत गुंडाळून आणतात." मग तिने घड्याळ पाहिलं. "पण मग एवढा उशीर का?"

आम्ही सगळ्यांनी गोन्सालोकडे पाहिलं. तिने मला जवळ उभं राहू दिलं. खारट पाण्याने धुतलेला दात तिने खड्ड्यावर धरला आणि हलक्या बोटाने आत सरकवला. बरोबर जागी बसला की एक बारीक थांबा जाणवतो, तो पाहणाऱ्यालाही कळतो. मी श्वास सोडला. तिने शेजारच्या दातांना बारीक तार चिकटवून तो आधाराला बांधला आणि सांगितलं, दोन आठवड्यांनी तार काढायची, रूट कॅनल करावं लागेल, कडक काही खायचं नाही. मी हे सगळं मनातल्या मनात तिच्या अर्धा शब्द आधी म्हणत होते.

एक्स-रेची वाट बघत आम्ही बाहेर बसलो. शिरीष खुशीत होता. "गोंधळे, काय खेळलास! आता तुला कोण सोडतंय? मालकाने पाहिलं असेल."

गोन्सालोचा ओठ बधिर होता. तो सावकाश बोलला. "मला सकाळीच सांगितलं. नवा माणूस मंगळवारी येतोय. माझं तिकीट बुधवारचं आहे."

शिरीषचं तोंड उघडंच राहिलं. मला मात्र असा राग आला की मी उठून उभी राहिले. "म्हणजे तुला माहीत होतं? मी खुर्च्यांखाली रांगले! एका बाळाचं दूध हिसकावलं! दात मरत होता आणि तू... मग परत आत गेलासच कशाला? कोणासाठी?"

त्याने जरा विचार केला.

"कोचने विचारलं होतं, आज खेळायचं की नको. मी म्हटलं, खेळतो. पण पहिले तीन क्वार्टर जुनीच सवय. स्टँडकडे बघत होतो. मग दात पडला आणि वाटलं, आता काय? स्टँडमध्ये कोणीच नव्हतं आज."

"भरलेलं होतं स्टेडियम!"

"मला घेणारं, सोडणारं कोणी नव्हतं. तुम्ही होतात. आणि तुम्ही तर सारखं कपात बघत होतात."

मी बसले. त्याने आपलं बधिर, वाकडं हसू हसून दाखवलं. इराने बाबांच्या मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि मला म्हणाली, "आत्या, यू आर क्राइंग, इज इट?" मी म्हटलं, एसी फार आहे.

बुधवारी मंजिरीने त्याला वाटेत खायला मऊ भाताचा डबा दिला. एवढा मोठा माणूस वाकून तिच्या पाया पडला. शिरीषने शिकवलं असणार. मला मात्र त्याने मिठी मारली, आणि माझा चष्मा त्याच्या बरगड्यांत अडकला. मी त्याला रूट कॅनलबद्दल तिसऱ्यांदा सांगितलं. समोरच्या फ्लॅटमध्ये त्याच संध्याकाळी मंगळवारी आलेला नवा माणूस राहायला आला. खरोखरच जास्त उंच होता. लिफ्टमध्ये त्याचे दात मी पाहिले नाहीत. म्हणजे, पाहिले, पण बोलले काही नाही.

मीही पुढच्या आठवड्यात परतले. नाशिकला लोक विचारतात, सिंगापूर कसं आहे? मी सांगते, स्वच्छ आहे, दमट आहे, डुकरं सोडल्यास सगळे रांगेत उभे राहतात. मग ते फोटो मागतात, आणि मी त्यांना एका परक्या मुलाचा एक्स-रे दाखवते. हल्ली आठवड्यातून एक सकाळ मी जुन्या दवाखान्यात जाऊन बसते. ज्युनियरला ते आवडतं की नाही ते माहीत नाही. कशासाठी येता, असं तिने अजून विचारलेलं नाही. पेशंट तिचे, पैसे तिचे. मी फक्त तोंडात बघते. बरं वाटतं.

नाताळच्या सुमाराला शिरीषने व्हिडिओ कॉलवर गोन्सालोला जोडून घेतलं. तो गावी होता. पाठीमागे भट्टी, आणि त्याच्या कोपरापर्यंत येणारी त्याची आई पीठ मळत होती. तो आता जवळच्या छोट्या शहराच्या संघाकडून खेळतो. त्या संघात एक अग्निशामक दलातला आहे, एक गणिताचा मास्तर. सकाळी वडिलांबरोबर ट्रॅक्टर, संध्याकाळी सराव. मोठा क्लब पुन्हा बोलावेल का, असं शिरीषने विचारलं. "माहीत नाही," तो म्हणाला. "विचारलं नाही."

"दात?" मी विचारलं.

त्याने कॅमेरा इतका जवळ आणला की स्क्रीनभर दातच दात झाले. थोडा काळपट पडला होता, पण ताठ होता. मग आईने त्याच्या हातात तुर्रोन (बदामाची दगडासारखी चिक्की) दिलं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने ते पुढच्या दातांत धरलं.

"अरे गाढवा, पुढच्या दातांनी नको!" मी मराठीतच ओरडले.

कडाक्कन आवाज आला. चित्र हललं, फोन पडला, मला भट्टीचं छत दिसलं, आणि कुठून तरी त्याच्या आईचा ओरडा ऐकू आला. तो स्पॅनिशमध्ये होता, पण त्यातलं गाढव मला कळलं. मग फोन उचलला गेला. गोन्सालोच्या हातात अर्धी चिक्की होती, गाल फुगलेला होता, आणि तो तोंड उघडून मला दाखवत होता. दात होता तिथेच होता.